बागेच्या फाटकात उतरवलेला टाक

लग्नात काय काय मिळालं, असं कोणी विचारलं तर मी सांगते: दोन मुलं, एक सासू, चांदीचा एक टाक आणि एक बाग. नवऱ्याचं नाव मी शेवटी घेते, कारण तो मला नवा नव्हता. तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा होता. सात वर्षं मी त्याला भाऊजी म्हणत होते आणि लग्नानंतर काय म्हणावं ते मला सुचेना, म्हणून पुढची कित्येक वर्षं मी त्याला हाकच मारली नाही. समोर जाऊन उभी राहायची, की तो समजायचा.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. बहिणीला मी बाई म्हणत असे. बाई काविळीनं गेली. तिची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती आणि मुलगा नुकता दोन वर्षांचा झाला होता. तेरवीला आम्ही पवनीहून भंडाऱ्याला गेलो आणि जेवणाची पंगत उठायच्या आत माझं ठरलं. वडिलांनी मला परसात बोलावलं. म्हणाले, "पोरायवर दुसरी कोनी आनली तं तिचा काय भरोसा? तू तं मावशीच हाय." मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. मास्तरीण व्हायचं माझ्या मनात होतं, आणि ते वडिलांना ठाऊक होतं. मला वडिलांचा राग आला, भाऊजींचा आला, आणि मरून गेलेल्या बाईचाही आला. राग ही माझ्या नाकावरची जुनी भाडेकरीण आहे, ती जागा सोडत नाही. पण आत गेले तर बाईच्या घडी न केलेल्या पातळावर तिचा मुलगा पालथा झोपला होता. मी त्याला उचललं आणि बाहेर येऊन हो म्हटलं.

आमच्या लोकांत दुसरेपणाच्या बाईला सवतीचा टाक घालावा लागतो. देव्हाऱ्यात देवांचे असतात तसाच चांदीचा लहानसा टाक असतो, त्यावर पहिल्या बायकोची आकृती ठोकलेली असते आणि तो काळ्या दोऱ्यात ओवून दुसरीनं गळ्यात वागवायचा. पहिली गेली तरी घर तिचंच, असा त्याचा अर्थ. दुसरीला नवं लुगडं आलं की तिनं टाक उतरवून देव्हाऱ्यात ठेवायचा, लुगडं त्याच्यासमोर धरायचं आणि मग नेसायचं. हंगामाचं पहिलं फळ असो, सणाचं गोडधोड असो, आधी टाकासमोर. ठेवलं की थोडं थांबायचं. तिचं घेऊन झालं की उरलेलं आपलं. एवढ्यापुरतं सोडलं तर टाक गळ्यातून काढायचा नाही. काढला तर ती कोपते आणि मग ते मुलांवर येतं.

बाकीच्या बायकांच्या गळ्यात कधी न पाहिलेली सवत असते. माझ्या गळ्यात माझी बहीण होती. तिनं माझ्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, गणितं शिकवली होती, आणि तिच्या लग्नात मीच सगळ्यांत मोठ्यानं रडले होते. सोनारानं टाकावर हात जोडून उभी असलेली एक बाई काढली होती. नाक नाही, डोळे नाहीत. बाई हसली की तिच्या उजव्या गालावर खळी पडायची. ती चांदीत कुठून येणार?

लग्नाच्या दिवशी मुलगी कोपऱ्यात बसून रडत होती. नवऱ्याची काकू तिथे होती. जीभ मोकळी आणि मन साफ, अशी बाई. ती तिला जवळ घेऊन म्हणाली, "रडू नोको माय. तुही आई कोठी नाई गेली. हे पाय, हिच्या गळ्यात हाय."

काकूनं समजूत घातली. पोरीनं ती शब्दाला शब्द खरी मानली.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या गळ्याशी बोलू लागली. माझ्यापुढे येऊन उभी राहायची, हनुवटीच्या खाली बघायची आणि म्हणायची, "आई, वेणी सुटली." मी वेणी घालून द्यायची. "आई, मले भात वाढ." मी वाढायची. जेवून झालं की टाकाकडे बघून हसायची आणि निघून जायची. मला ती मावशी म्हणेना, काहीच म्हणेना. याच पोरीला मी पवनीत पाठीवर घेऊन नदीवर नेत असे, आणि उतरायचं नाही म्हणून ती माझे केस धरून ठेवत असे. आता ती माझ्या गळ्याच्या वर बघत नव्हती. मला ते फार लागायचं. मुलगा बिचारा पंधरा दिवसांत मला आई म्हणायला लागला, त्याला काही आठवतच नव्हतं. त्याचंही मला वाईट वाटायचं, पण वेगळं.

घरात कुणाला यात काही वावगं दिसत नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "बोलते ना? मंग झालं." बोलते, पण कोणाशी? मला भीती वाटायची की ही पोर अशीच मोठी होईल, माझ्या हातचं खाईल, माझ्या हातानं न्हाईल, आणि मी तिच्या लेखी एक खुंटी राहीन, आई अडकवून ठेवायची. आणि खुंटीच्या हाताखाली वाढलेल्या पोरीला आई होतीच कुठे? त्या दिवसांत मला एवढीच एक काळजी होती.

बागेचं असं झालं. पहिल्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "पोरायले बागीत नेजो. ते दर आइतवारी नेत होती." ते म्हणजे बाई. त्या घरात बाईचं नाव कोणी घेत नसे, पण तिच्या सगळ्या सवयी मात्र माझ्या हवाली करत.

बाग शहराच्या मानानं मोठीच होती. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला रस्ता, आणि मध्ये चिंचा, करंज, गुलमोहर. लोखंडी फाटक, मधोमध कधीकाळी बँड वाजत असे ती गोल छत्री, कारंजं म्हणून बांधलेला आणि मी तरी कधी उडताना न पाहिलेला एक हौद, घसरगुंडी, चार झोके. मी गावची. आमच्याकडे नदी होती, घाट होते, जुने दगड होते, पण नुसतं हिंडायला म्हणून राखून ठेवलेली एवढी जमीन मी पाहिली नव्हती. यात धानाच्या चांगल्या बांध्या निघाल्या असत्या, हा माझा बागेविषयीचा पहिला विचार. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो लग्नानंतर पहिल्यांदा हसला.

पहिले दोनेक महिने मुलगी बागेत नुसती बसून राही. मुलगा माती खाई, मी त्याच्या तोंडात बोट घालून ती काढी, आणि मुलगी छत्रीच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन माझ्या गळ्याकडे बघत राही. घसरगुंडी नाही, झोका नाही. पुढे श्रावणात एकदा झिमझिम सुरू होती, बागेत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. आम्ही छत्रीखाली बसलो होतो. ती टाकाला म्हणाली, "आई, तुले कटाळा नाई येत? सारा दिवस हिच्याच गळ्यात."

मी इतके दिवस त्या बोलण्यात पडत नसे. त्या दिवशी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "येते ना कटाळा. मलेही येते."

मग पुन्हा टाकाला, जरा हळू आवाजात, "तुले झोक्यावर बसायचं हाय का?"

मी हात मानेमागे नेले आणि गाठ सोडली. मुलगा पायाशी बसला होता, त्याच्याकडे आधी बघून घेतलं. मग तो दोरा मी मुलीच्या गळ्यात बांधला आणि टाक फ्रॉकच्या आत सोडला. म्हटलं, "बागीपुरता. फाटकाबाहेर निघालो का मले वापस. घरी कोनाले सांगायचं नाई. कबूल?"

तिनं वर पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "कबूल," म्हणाली आणि भिजत झोक्याकडे पळाली.

त्या संध्याकाळी मी मुलाच्या कपाळाला सारखा हात लावत होते. सासूबाईंनी विचारलंही, काय झालं म्हणून. मुलाला काही झालं नाही. त्यानं दोनदा भात मागून घेतला.

तेव्हापासून आमचा तो नेम झाला. फाटकातून आत आलो की मी चिंचेआड थांबायची, ती पाठ करून वेणी बाजूला धरायची, मी दोरा बांधायची. परत जाताना तिथेच ती माझ्या गळ्यात बांधायची. तिला गाठ मारता येत नसे, ती दोरा नुसता गुंडाळी आणि मला घरापर्यंत टाक हातानं धरून जावं लागे. घरी ती आता टाकाशी कमी बोलू लागली. दबा धरल्यासारखी रविवारची वाट पाहायची. आणि रविवारी बागेत जे काही असे ते सगळं आईला दाखवायची.

दसऱ्यानंतर तळ्यात शिंगाडे निघायचे. ढिवर लोक वेलींतून डोंग्या हाकायचे आणि त्यांच्या बायका काठावर टोपल्या घेऊन बसायच्या. हिरवे, ओले शिंगाडे. मी ते सोलून देत असे, माझ्या बोटांना काटे लागत. मुलगी सोललेला शिंगाडा आधी फ्रॉकच्या गळ्यातून आत नेऊन टाकाला लावायची. मग थांबायची. मग खायची. मी घरी देव्हाऱ्यासमोर थांबते तेवढीच ती थांबायची. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं, तिनं ते पाहून उचललं होतं. मुलाला मात्र धीर नसे, तो तोवर तिच्या हातातला पळवायचा आणि मग दोघांची जुंपायची.

हिवाळ्यात आम्ही दुपारी जायचो. भंडाऱ्याची थंडी ओलसर असते, तळ्यावरून येते आणि हाडांत बसते. बागेत ऊन पडलेला एक दगडी बाक होता, त्यावर आम्ही तिघं कोंबड्यांसारखी ओळीनं बसायचो आणि बोरं खायचो. ऊन सरकलं की आम्ही सरकायचो. अशाच एका दुपारी तिनं टाक बाहेर काढून तळहातावर ठेवला आणि उन्हात धरला. मला विचारलं, हो, मला: "हिचं तोंड काहून नाई काढलं?"

मी म्हटलं, "सोनारानं पाह्यलं नोहोतं तिले."

"तू पाह्यलं हाय ना?"

"हाव."

"कसं होतं?"

म्हणजे ती विसरत होती. सात वर्षांची पोर, वर्षही झालं नव्हतं, आणि ती आईचा चेहरा विसरत होती. म्हणून ती टाक एवढी निरखत होती. मी तिला सांगितलं. खळीचं सांगितलं, डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण होती ते सांगितलं, ती शिंकली की तीनदा शिंकायची आणि तिसऱ्या शिंकेला स्वतःवरच चिडायची, हे सांगितलं. सांगता सांगता मी रडले. ती रडली नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती, धडा पाठ करावा तशी. मुलगा म्हणाला, "मी तीनदा शिंकतो," आणि नाकात गवताची काडी घालून त्यानं ते सिद्ध करायचा प्रयत्न केला. मग मात्र आम्ही दोघी हसलो.

उन्हाळ्यात दिवस कलल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसे. सासूबाई मुलाच्या खिशात कांदा घालायच्या, ऊन लागू नये म्हणून. मुलीच्या फ्रॉकला खिसा नव्हता, तर तिचा कांदा मला कमरेला खोचायला लावायच्या. बागेतली हिरवळ जळून गेलेली असायची, गुलमोहराखालची जमीन तेवढी लाल. फाटकाशी रानातून आलेल्या बायका पळसाच्या पानांवर चारं आणि टेंभरं ही रानफळं विकायला मांडायच्या. हंगामाची पहिली चारं मला घरी नेऊन टाकासमोर ठेवावी लागायची, तोवर खाता येत नसत. मुलीनं यातून वाट काढली. ती म्हणाली, "इथं मीच दाखवून देतो तिले. मंग तू खाय." मी खाल्ली. तोंडात साखर विरघळावी तशी चारं होती, आणि ती मला पोरीनं दिली होती.

असं वर्ष गेलं. मला वाटायला लागलं होतं की आता गाडी रुळावर येईल.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा असतो. लाकडाचे बैल, त्यांना चाकं, गळ्यात घुंगरं, आणि ते ओढत नटूनथटून निघालेली पोरं. त्या वर्षी तो बागेत भरला. मुलाचा बैल त्याच्याहून थोडा उंच होता. गर्दी मरणाची होती. मी नेहमीप्रमाणे चिंचेआड मुलीच्या गळ्यात टाक बांधला आणि आम्ही गर्दीत शिरलो. बैलांची रांग लागली. मी मुलाच्या बैलाचं शेपूट सावरायला वाकले, पदर सरकला, आणि उभी राहिले तर समोर काकू.

तिची नजर माझ्या गळ्यावर होती.

"टाक कोठी हाय वो?"

मी काही बोलायच्या आत मुलीनं फ्रॉकच्या गळ्यावर मूठ धरली. काकूला सगळं समजलं. ती तिथे ओरडली नाही, एवढं तिचं मी आजही मानते. ती घरी जाऊन सासूबाईंजवळ ओरडली.

सासूबाईंनी मला शिव्या दिल्या नाहीत. त्या चुलीपुढे बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "एक गेली. आता आनखी कोनाले धाडायचं हाय?" आणि चौथ्या दिवशी मुलाला हुडहुडी भरून ताप आला. पावसाळ्यात भंडाऱ्यात निम्म्या घरांत हिवतापाचा आजारी असतो, हे डॉक्टरही म्हणाले, आणि एरवी सासूबाईंनीही म्हटलं असतं. पण टाकाची गोष्ट नुकती घडलेली. बाई कोपली, असं घरात कोणी म्हटलं नाही आणि कोणी दुसरं काही बोललंही नाही. मुलगा गोळ्यांनी आठवड्यात बरा झाला. बाग बंद झाली.

मला खरी धास्ती पुढे बसली. मुलगी आता माझ्याशी बोलेना, आणि टाकाशीही बोलेना. समोर आली की डोळे मिटून घ्यायची. वेणी सुटली तर सुटलेलीच. ताटात वाढलं ते निमूट खायची, मागायची नाही. मी जवळ गेले की अंग चोरायची. आधी निदान माझ्या गळ्यापर्यंत तरी ती येत होती. आता तेही गेलं, आणि मी त्या घरात एकटी पडले.

दिवाळी अशीच गेली. एका रविवारी सकाळी नवरा ओसरीवर दाढी करत होता. मुलगी त्याच्यासाठी पाणी घेऊन आली आणि आरशात बघत म्हणाली, "बाबा, आई माह्यावर कोपली का? मी तिले घातलं म्हनून बाबूले ताप आला का?"

दोन महिने पोर हे पोटात घेऊन फिरत होती. मी दाराआड उभी होते.

माझा नवरा कमी बोलणारा माणूस. कचेरीत काय, घरात काय, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. त्यानं वस्तरा खाली ठेवला. मुलीला नव्हे, आत बसलेल्या आपल्या आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तो म्हणाला, "मा, आपल्या पोरीच्या गळ्यात पडून कोनाची आई कोपते वो?"

तो पुन्हा म्हणाला, "तू सांग. तू कोपली असती?"

मी आत जाऊन पाहिलं तर सासूबाई तांदूळ निवडत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. बाई त्यांची सून होती, सात वर्षांची सोबत होती, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. दुःख फक्त माझं आणि पोरीचं आहे, असं मी धरून चालले होते. त्या पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "दुपारून नेजो पोरायले. शिंगाडे निघाले असन. आनि दोरा नवा घाल, जुना कुजला हाय."

दोरा त्यांनीच दिला. त्या दुपारी चिंचेआड मी तो मुलीच्या गळ्यात बांधायला गेले, तर ती मागे सरली. मी म्हटलं, "आजीनं देल्ला हाय दोरा." तिनं तो हातात घेऊन पाहिला, खरंच नवा होता. मग ती पाठ करून उभी राहिली आणि वेणी बाजूला धरली.

त्यानंतर आम्ही किती वेळा बागेत गेलो ते सांगता येणार नाही. ओल्या गवतातून गेलो, धुक्यात गेलो, पानगळीत चिंचेच्या बारीक पाल्यानं मुलांची डोकी भरली ती झाडत बसलो. मुलगी मोठी होत होती. ती मला मावशी म्हणायला लागली आणि तेवढ्यानंच माझं पोट भरलं. त्याहून जास्त मागायची मला लाज वाटत असे, कारण जास्त मागायचं म्हणजे बाईच्या ताटातलं मागायचं. ती दहा वर्षांची झाली. आता तिला गाठ मारता येत होती. बागेत टाकाशी ती फारसं बोलत नसे, पण फाटकातून आत आलो की चिंचेआड पाठ करून उभी राहणं तिनं कधी चुकवलं नाही.

त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आम्ही फाटकातून आत आलो. सत्तरचं दशक सरत आलं होतं, बागेत तोवर नवी घसरगुंडी आली होती, लोखंडाची, उंच. तिच्या वर्गातल्या दोघी-तिघी तिथे होत्या, त्यांनी लांबून तिला हाक मारली. मी चिंचेआड थांबले, मानेमागे हात नेऊन गाठ सोडली. दोरा हातात घेऊन वळले, तर ती नव्हती. ती अर्ध्या वाटेवर पोचली होती, वेण्या उडवत.

"अवो," मी हाक मारली, "हे नाई घालत का?"

तिला ऐकू गेलं नाही. मुलगा तिच्या मागे धावला. मी चिंचेखाली टाक मुठीत धरून उभी राहिले.

ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली ते हेच होतं, हे मला कळत होतं. मला आनंद झाला नाही. मला बाईची फार कणव आली. ती दर रविवारी इथे यायची, झोक्यावर बसायची, शिंगाडा चाखायची, आणि आज तिला फाटकातच ठेवून पोर खेळायला निघून गेली होती. मी तिला मुठीत घेऊन आत गेले, आमच्या दगडी बाकावर बसले. तिला एकटं वाटू नये म्हणून मूठ मांडीवर उघडून ठेवली. लोक काय म्हणतील याची मला त्या दिवशी पर्वा नव्हती.

पाठीमागे उन्हानं तापलेली भिंत होती, पुढे पोरांचा कल्ला. मुलगी वर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. मग ती धावत आमच्या दिशेनं आली. घामानं निथळत होती. येता येताच तिनं हात पुढे केला.

"आई, पानी."

मी मागे वळून पाहिलं.

खरंच वळून पाहिलं. बाई आली आणि मागे उभी आहे, असंच मला वाटलं. मागे भिंत होती. पुन्हा पुढे पाहिलं, तर पोर माझ्या तोंडाकडे बघत होती. गळ्याकडे नाही. गळा उघडाच होता.

"अवो आई, काय पाहून राहिली? पानी दे ना."

फिरकीचा तांब्या मी तिच्यापुढे धरला. तिनं घटाघटा पाणी प्यायलं, थोडं तोंडावर मारलं, भावाच्या डोक्यावर उरलेलं ओतलं आणि पळाली. आपण काय बोललो याचा तिला पत्ताही नव्हता. मी टाक पदराच्या टोकात बांधला आणि अंधारायच्या आत मुलांना घेऊन घरी आले.

घरी आल्याबरोबर हातपाय धुऊन देव्हाऱ्यापुढे बसले. पदराची गाठ सोडून टाक देवांजवळ ठेवला. सासूबाई दारातून डोकावल्या. हातात ना लुगडं ना फळ, पाहून म्हणाल्या, "काय आनलं वो नवं?" त्या थोड्या थांबल्या आणि आत गेल्या.

मी टाकाला म्हटलं, "बाई, आज पोरीनं मले आई म्हनून हाक मारली. हे आधी तू घे."

तेवढ्यात अंगणातून मुलीची पुन्हा हाक आली, "आई!" मी लगेच उठले नाही. शिंगाड्यासाठी थांबायची, लुगड्यासाठी थांबायची, तेवढी थांबले, तिचं घेऊन होईपर्यंत. मग ओ दिली.